लाखेचा ठिपका

१

खंडेनवमीला आईने घरातल्या हत्यारांबरोबर फौजदार चिमाजी खैरनारांचा वस्तराही पाटावर मांडला होता. त्यामुळे दसऱ्याच्या दिवशी उजाडताना त्यांच्या गालांवर दोन दिवसांची खुंटे होती आणि ती हाताला टोचत होती. त्यांनी आडाचे पाणी काढून तोंड धुतले, बंब पेटवला आणि सवयीने वस्तऱ्याकडे हात नेला. पाटावर विळी, कोयता, कात्री, अडकित्ता, त्यांच्या शेजारी तो वस्तरा, आणि सगळ्यांवर झेंडूच्या पाकळ्या.

"हात नको लावू," चुलीपासून त्यांच्या आई कुसाबाई म्हणाल्या. "आजून पूजा शे."

बागलाणातून नाशकात येऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. पण जिभेने गाव सोडले नव्हते, आणि नवमीला पाटावर बसलेले हत्यार अक्षता वाहून उठवल्याशिवाय हाताळायचे नाही हा नियमही सोडला नव्हता. खैरनार पुण्याच्या कॉलेजात शिकून बी.ए. झालेले. खात्यात असे थोडेच होते. ते निमूटपणे थांबले. आईने अक्षता टाकल्या, पाट जरासा हलवला आणि वस्तरा त्यांच्या हाती दिला. दाढी झाली, चहा झाला. ते निघाले तेव्हा तिने बाहेर येऊन सायकलच्या मुठीवर अनामिकेने कुंकवाचे बोट टेकवले आणि सांभाळून जायला सांगितले.

ते चौकीत पोहोचले तेव्हा बंदुकांवरचे झेंडू अजून सुकले नव्हते. हवालदार सावळीराम दारातच उभा होता. त्र्यंबकच्या वाटेवरच्या गोल्फच्या मैदानात एक माणूस मेला होता.

मैदान कसले, पावसाळ्यानंतर पिवळे पडत चाललेले माळरानच ते. ठिकठिकाणी तेल पाजलेल्या वाळूची गोल आळी केलेली, त्यांच्या मधोमध झेंडे. एका बाभळीखाली धोतराने झाकलेला धोंडीराम पडला होता. हा मखमलाबादचा, चाळिशीतला माणूस. साहेबलोकांच्या आणि वकील-डॉक्टरांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्यामागे चालणे हा त्याचा रोजचा धंदा. खैरनारांनी धोतर बाजूला केले. डाव्या कानशिलाचे हाड आत गेले होते. चेहऱ्यावर भीती नव्हती, कारण काही कळण्याइतका अवधीच त्याला मिळाला नसावा.

सांगण्यासारखे फार थोडे होते. निरगुडकर वकिलांनी पहिलाच फटका मारण्यासाठी काठी फिरवली, आणि काठीच्या टोकाचे लोखंडी डोके सुटून उडाले. धोंडीराम पिशवी घेऊन बाजूला, जिथे नेहमी उभा राहतो तिथेच उभा होता.

निरगुडकर खुर्चीवर बसून सारखे हात पुसत होते. त्यांच्यामागे एक उंच, ताठ म्हातारा उभा होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, रावसाहेब ओढेकर. गोल्फच्या काठ्या स्वतःच्या हाताने बनवण्याचा छंद असलेला जिल्ह्यातला हा एकच माणूस. विलायतेहून फक्त लोखंडी डोकी मागवायची आणि दांडे मात्र सुरगाण्याच्या जंगलातल्या धामणाच्या लाकडाचे घालायचे, हा त्यांचा हट्ट. विलायती लाकडाइतकेच आपले लाकूड लवते आणि तितकेच टिकते, हे त्यांना साहेबांना दाखवून द्यायचे होते. आजची काठी त्यांचीच, नवी. बिनडोक्याचा दांडा त्यांच्या हातात होता आणि तो मागितला तेव्हा त्यांनी तो लगेच सोडला नाही.

खैरनारांनी काठीचे लोखंडी डोके उचलले. त्याला वर एक नळी होती. दांड्याचे टोक तिच्यात बसवून सरसाने चिकटवायचे, आणि मग नळीच्या अंगाला असलेल्या भोकातून लाकडात आडवा खिळा ठोकायचा, म्हणजे डोके जखडून बसते. भोकाच्या तोंडावर काळ्या लाखेचा ठिपका होता, त्यावर आजच्या दिवशी सगळ्याच वस्तूंवर असते तसे कुंकू. बाकी डोके धड होते.

मग त्यांनी दांड्याचे टोक उन्हात धरले. सरसाचे पिवळट पापुद्रे, आणि त्याखाली गुळगुळीत, अखंड लाकूड. भोक तर नव्हतेच, साधा टोचाही नव्हता.

खिळा निसटला नव्हता. खिळा कधी मारलाच नव्हता, आणि तरीही कुणीतरी त्याच्या जागी लाख भरून काठी पुरी झाल्यासारखी दाखवली होती.

२

रावसाहेबांची कामाची खोली बंगल्याच्या मागच्या अंगणात होती. इतकी नीटनेटकी कामाची खोली खैरनारांनी कधी पाहिली नव्हती. भिंतीवर काठ्या ओळीने टांगलेल्या, सरसाची भांडी झाकलेली, आणि दारासमोर रावसाहेबांच्या रेखीव अक्षरात एक पाटी: खिळा मारल्याशिवाय काठी खोलीबाहेर जाणार नाही.

कोपऱ्यात पाटावर नवमीची पूजा तशीच होती. करवत, रंधा, हातोडी, गिरमीट, कानशी. फुले मलूल झाली होती. बाजूला तुपाचे निरांजन विझून थंड पडले होते. मैदानावरून आलेल्या बातमीनंतर या घरात हत्यारे उठवायचे कुणाच्या मनात आले नसावे.

चुकांविषयी बोलताना रावसाहेबांचा आवाज स्थिर होता, जणू ते कनिष्ठांना शिकवत होते. या कामात माणसे अज्ञानाने चुकत नाहीत, घाईने चुकतात, असे ते म्हणाले. ओला दांडा बसवतात, मग ऑक्टोबरच्या उन्हात तो आकसतो. नळीतले जुने तेल न पुसता सरस ओततात. सरस वाळायच्या आधी फटका मारून बघतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट काठी पुऱ्या काठ्यांजवळ ठेवतात. म्हणून अर्धवट काठीला लाल चिंधी बांधायची त्यांची पद्धत होती. खैरनारांनी भिंतीकडे पाहिले. एका काठीला खरोखरच चिंधी होती.

"या काठीला बांधली होती?"

"आठवत नाही," रावसाहेब म्हणाले.

इतक्या काटेकोर माणसाला ते आठवू नये, याची खैरनारांनी नोंद घेतली. पण ते पुढे गेले. लाखेविषयी त्यांनी विचारले. प्रत्येक काठीच्या खिळ्यावर पाणी शिरू नये म्हणून लाख लावलेली होती; चिंधीची काठी सोडून भिंतीवरच्या सगळ्या काठ्यांवर तोच काळा ठिपका दिसत होता. ते काम नजीर खराद्याचे, रावसाहेबांनी सांगितले. नजीर जुन्या नाशकातला. पलंगाचे पाय, लाटणी आणि रंगीत लाखेची खेळणी कातणारा. दांडे तोच कातून देई आणि खिळा बसला की लाखही तोच लावी. लाखेच्या कांड्या इथेच फळीवर असत. अष्टमीला दांडा सरसाने बसवला तेव्हा तो इथे होता. नवमीला दुपारी प्रसादाला आला होता, याच पायरीवर बसला होता.

"म्हणजे लाख नजीरने लावली?"

रावसाहेबांनी पाटीकडे पाहिले. "मी लावलेली नाही. एवढंच मी शपथेवर सांगू शकतो."

ते वाक्य खरे होते. ते किती खरे होते आणि किती अपुरे, हे खैरनारांना तेव्हा कळले नाही. दाराआड बांगड्या वाजल्या आणि रावसाहेबांनी उठून दार ओढून घेतले.

खैरनार चौकीत परतले तेव्हा सावळीरामने नजीरला आणून कोठडीत घातलेही होते.

३

"लय मुरलेला हाय साहेब," सावळीराम म्हणाला. "कबूल होत नाय."

नजीर भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हाताची बोटे सुजून काळीनिळी झाली होती आणि तो ती दुसऱ्या हातात धरून होता, कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखी. खैरनारांनी सावळीरामकडे पाहिले. सावळीराम दुसरीकडे पाहू लागला. खैरनारांनी त्याला बाहेर पाठवले, पाणी मागवले आणि स्वतः जमिनीवर बसले. ज्या हाताला कातकामाची पटाशी धरता येत नाही त्या हाताच्या घरी काय होते, हे दोघांनाही ठाऊक होते.

नजीरने जे सांगितले ते थोडके होते. नवमीला तो प्रसादाला गेला हे खरे. खोलीत तो गेलाच नाही. हत्यारे पूजेत होती, काम नव्हते. आपल्या खरादावरही शेजारचे झिपरू सुतार दरसाल हार घालतात, त्या दिवशी तोही चाक फिरवत नाही.

"साहेब, खिळा डोळ्यांनी बघितल्याबगैर मी लाख लावत नाही. लाखेखाली काय हाय ते नंतर कुणाला दिसतं? लावणाऱ्यानंच बघायला पायजे ना."

"मग कुणी लावली?"

"म्हातारा देवमाणूस हाय," नजीर म्हणाला. "त्याला विचारा. तो खोटं बोलायचा नाही."

निरगुडकरांची चौकशी खैरनारांनी त्यांच्या बैठकीतच केली. वकिलाविरुद्ध थोडे काही होते: मागच्या महिन्यात त्यांनी चेंडू पायाने हलवल्याचे धोंडीरामने चारचौघांत खरे सांगितले होते आणि त्यावर वकिलांनी त्याला पिशवी टाकून घरी जायला सांगितले होते. पण मग पुढच्याच आठवड्यात त्यालाच परत बोलावले. तो नसला की चेंडू सापडत नाहीत, असे ते ओशाळून म्हणाले. शिवाय उडालेले डोके कुणाच्या कानशिलावर बसेल हे कुणी योजू शकेल का? खैरनारांनाही ते पटले. हा खून नव्हता, कधीच नव्हता. कुणाची तरी चूक होती, आणि ती चूक काळ्या ठिपक्याखाली झाकली गेली होती.

"काठी तुमच्याकडे आली कशी?"

"दसऱ्याला देईन म्हणाले होते रावसाहेब. सकाळी गाडीवाल्याला पाठवलं. बहिरूला." निरगुडकरांनी हात पुन्हा पुसले. "आपट्याच्या पानांसकट आली. सोनं म्हणून."

खैरनार निघता निघता थांबले. बहिरूला बोलावणे झाले. काठी कुणी दिली, यावर तो म्हणाला की रावसाहेब आंघोळीला गेले होते. आतून बाईसाहेबांनी दिली, आणि हातावर पेढाही ठेवला.

संध्याकाळी खैरनारांच्या वरच्या साहेबांचा निरोप आला. खराद्याची हयगय उघड आहे, ओढेकरांसारख्या माणसाला उगाच त्रास नको, उद्या आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभा करा. निरोप घेऊन खैरनार चौकीच्या पायरीवर आले तर तिथे धोंडीरामची बायको झुंबरबाई बसली होती. ती रडत नव्हती. कपाळ पुसलेले, आणि पुसल्याची लाली अजून कातडीवर होती.

"धरलाय म्हणं एकाला," ती म्हणाली.

"चौकशी चालू आहे."

"त्याला फाशी द्या का सोडा, मला काय नाय त्याचं. माझा माणूस नुसता काठीनं मेला का कुणाच्या हातनं, येवढं सांगा. लोक सांगत्यात, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. तसं आसंल तर मी गप बसन. पण कुणी केलं आसंल तर त्यानं माझ्याम्होरं येऊन सांगावं."

खैरनारांना उद्या सकाळपर्यंत तिचे उत्तर शोधणे भाग होते.

४

दिवा लावून त्यांनी ते लोखंडी डोके टेबलावर ठेवले आणि भिंग काढले.

आधी नजीरने लाख लावलेली एक जुनी काठी त्यांनी तपासली. ती त्यांनी ओढेकरांकडून मागून आणली होती. तिच्यावरचा ठिपका पातळ होता, काचेसारखा कडक आणि लोखंडाशी इतका सपाट की नख अडकत नव्हते. मग त्यांनी मैदानावरचे डोके जवळ घेतले. इथे लाख फुगीर होती. सुईने कड उचलताच ती अख्खी गोळी निघून आली, जरा मऊ, चिकट. त्यांनी ती हुंगली. लाखेला तुपाचा वास येत नाही. हिला येत होता. गोळीच्या पोटात एक पांढरा तंतू अडकला होता, कापसाचा. वातीचा.

ही लाख निखाऱ्यावर किंवा खरादाच्या फिरत्या चाकावर वितळलेली नव्हती. निरांजनाच्या ज्योतीवर वितळलेली होती.

आता त्यांनी गोळीची वरची बाजू भिंगाखाली धरली. कुंकू तिच्यावर लावलेले नव्हते, तिच्यात रुतलेले होते. बोटाच्या टोकाचा लहानसा खळगा, त्यात बारीक रेषा, आणि रेषांत कुंकवाचे कण लाखेने गिळलेले. थंड लाखेवर टेकवलेले कुंकू पुसले असते तर गेले असते. हे जायचे नव्हते, कारण ते लाख गरम असतानाच टेकवले होते.

सायकलच्या मुठीवर टेकलेले आईचे बोट खैरनारांना आठवले. त्यांनी भिंग खाली ठेवले. लाख क्षणात थंड होते. म्हणजे ज्या हाताने ती भरली त्याच हाताने तिच्यावर कुंकू लावले. तो हात नजीरचा नव्हता. त्याच्या सुजल्या नसतानाच्या बोटांनाही हा खळगा पुरला नसता. रावसाहेबांच्या लांब, रुंद बोटांनाही नाही.

आणि रावसाहेबांना हे माहीत होते. मैदानावर त्यांनी दांडा सोडायला वेळ लावला तेव्हापासून.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी, मॅजिस्ट्रेटची कचेरी उघडण्याआधी, खैरनार मागच्या अंगणातून त्या खोलीत गेले. पाटावरची पूजा अजून तशीच होती. त्यांनी न शिवता वाकून गिरमिटाचे टोक पाहिले. त्याच्या वळ्यांत हळद-कुंकू वाळून बसले होते, कुठेही न तडकता. नवमीच्या सकाळपासून या गिरमिटाने एकही भोक पाडलेले नव्हते.

रावसाहेब स्टुलावर बसले होते. रात्री त्यांना झोप नव्हती हे दिसत होते. खैरनारांनी लाखेची गोळी त्यांच्यासमोर कागदावर ठेवली आणि तुपाविषयी, वातीविषयी सांगितले. कुंकवाविषयी मात्र सांगितले नाही.

रावसाहेबांनी सगळे ऐकून घेतले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "लाख मीच भरली. नजीरला सोडा."

"काल तुम्ही शपथेची भाषा केली होती."

"काल मी भित्रेपणा केला. लिहून घ्या."

मग त्यांनी बाकीचे सांगितले, आणि ते खरे होते. अष्टमीला संध्याकाळी सरस लावून झाला. खिळा तो वाळल्यावर मारायचा. पण दुसऱ्या दिवशी नवमी, हत्यारे पाटावर. खूप वर्षांमागे धरणाच्या कामावर त्यांनी मजुरांचे न ऐकता नवमीला पहारी उचलायला लावल्या होत्या, सुरुंग उडवला होता. काम विनातक्रार झाले. त्याच महिन्यात त्यांचा एकुलता मुलगा तापाने गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे त्यांना कळत होते. त्यांच्या पत्नी बयाबाईंना ते कधी पटले नाही, आणि त्यांनी पटवायचा प्रयत्नही केला नाही. तेव्हापासून या दोन दिवसांत ते हत्याराला हात लावत नसत. यंदा खिळा दसऱ्याच्या संध्याकाळी, हत्यारे उठवल्यावर मारू आणि मग काठी स्वतः नेऊन देऊ, असे त्यांनी ठरवले होते.

"आणि चिंधी?"

रावसाहेबांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "अष्टमीला राहून गेली, नवमीला चिंध्यांची पेटी पूजेच्या पाटाखाली गेली. म्हटलं, एका दिवसाचा प्रश्न. मीच इथे येतो, मीच जातो. एक चिंधी बांधायची राहिली, खैरनार. पाटी लिहिणारा मी."

खैरनारांना तो क्षण नंतर फार दिवस आठवत राहिला. समोर एक कबुली होती. बरीचशी खरी होती, आणि जेवढी खोटी होती तेवढी दयेपोटी खोटी होती. ती लिहून घेतली असती तर नजीर सुटला असता, कायद्याचे समाधान झाले असते आणि आतली म्हातारी आपल्या हातून काय झाले हे न कळताच मेली असती. त्यांनी पेनाचे टोपण काढले. पण पायरीवर बसलेली झुंबरबाई त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

दार उघडले. बयाबाई चहाचे पेले घेऊन आत आल्या. नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवर, कपाळावर मोठे कुंकू. त्यांची नजर कागदावरच्या काळ्या गोळीवर गेली आणि पेले हातातच राहिले.

"हे का काढलंत?" त्यांनी खैरनारांना सरळपणे विचारले. "मीच लावलं होतं ते."

"तू आत जा," रावसाहेब म्हणाले.

"बहिरू दारात उभा होता. इकडून तर काही सांगणं झालं नव्हतं, स्वारी आंघोळीला. काठी घेतली तर तिथं भोक मोकळं. बाकी सगळ्यांना काळा ठिपका असतो, हिलाच नव्हता. दसऱ्याला अपुरी वस्तू घराबाहेर कशी द्यायची? निरांजन पुन्हा लावलं, कांडी धरली त्याच्यावर, आणि..." त्यांनी उजव्या हाताची अनामिका जराशी वर केली. तिच्या टोकावर भाजल्याचा लहान फोड होता.

बयाबाईंनी आधी फौजदाराकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. रावसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्या चेहऱ्यावरचे सगळे त्यांना वाचता येत होते, हेही वाचता आले.

पेले त्यांनी फळीवर ठेवले. एकही सांडला नाही.

"त्या ठिपक्याखाली काही असतं," त्या हळूच म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

"खिळा असतो," रावसाहेब म्हणाले.

"हे मला कधी सांगितलं नव्हतं."

"नाही."

"आणि नजीरला धरलंय, तेही."

खैरनारांनी सांगायचे ते सांगितले: ज्याला माहीत होते आणि ज्याने सावध केले नाही, हयगय त्याची. ज्याला माहीत नव्हते त्याला कायदा गुन्हेगार धरत नाही. बाईसाहेबांची फक्त साक्ष लागेल.

"कायद्याचं तुमचं तुम्ही बघा," बयाबाई म्हणाल्या. त्या पाटापाशी गेल्या, खाली बसल्या, चिमूटभर अक्षता हत्यारांवर टाकल्या आणि पाट हलवला. मग गिरमीट उचलले, पदराने त्याच्या वळ्यांतले कुंकू स्वच्छ पुसले आणि ते नवऱ्याच्या हातात दिले. "त्या माणसाची बायको कुठं राहते?"

६

निघण्यापूर्वी रावसाहेबांनी चिंध्यांची पेटी काढली आणि भिंतीवरच्या प्रत्येक काठीला एकेक लाल चिंधी बांधली. पुऱ्या झालेल्यांनाही. एकही गाठ सैल नव्हती. मग टोपी घालून ते खैरनारांबरोबर चौकीत आले आणि आपला जबाब पुन्हा, या वेळी जसा घडला तसा, देऊन खाली सही केली. खैरनारांनी तो साहेबांकडे न पाठवता स्वतः कचेरीत नेला. याचा अर्थ बदली असा होतो, हे सावळीरामने त्यांना सांगायची गरज नव्हती. तरीही त्याने सांगितले. सावळीरामच्या हातून नजीरचे काय झाले तेही खैरनारांनी त्याच कागदांना जोडले होते.

कोठडीचे कुलूप त्यांनी आपल्या हाताने काढले. नजीर बाहेर आला. त्याची बायको आबिदा फाटकाबाहेर उभी होती. तिने त्याचा हात पाहिला आणि पदराचे टोक तोंडात धरले. रावसाहेब बाकावरून उठले.

"तुम्हाला ठाऊक होतं," नजीर म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसते आश्चर्य होते, आणि म्हणूनच ते ऐकणे कठीण होते. "मी इथं सगळ्यांना सांगत होतो, म्हातारा खोटं बोलायचा नाही."

तो आबिदाबरोबर निघून गेला. मागे वळला नाही.

दुपारी खैरनार सायकल हातात धरून मखमलाबादच्या रस्त्याने चालत होते. शेजारी बयाबाई होत्या. टांगा करू, असे त्यांनी दोनदा सुचवून पाहिले. बाईंनी नकारार्थी मान हलवली. वाटेत त्यांनी एकच गोष्ट विचारली: धोंडीरामला मुले किती. खैरनारांनी सांगितले. त्यानंतर दोन्ही बाजूंची पेरूची झाडे मागे पडत गेली.

गावाच्या कडेला कुडाची भिंत, समोर सारवलेले अंगण. दारात सुतकातली माणसे बसली होती. शहरातली थोरामोठ्यांच्या घरची बाई पायी आलेली पाहून ती उठून बाजूला झाली. झुंबरबाई आत, खांबाशी होती. तिने खैरनारांकडे पाहिले, मग त्यांच्या शेजारच्या म्हातारीकडे.

खैरनारांनी पुढे होऊन ओळख करून द्यायला तोंड उघडले. बयाबाईंनी हाताने त्यांना थांबवले. त्यांनी वहाणा अंगणात काढल्या, त्या टोकाला टोक लावून सरळ ठेवल्या आणि उंबरा ओलांडून आत जाऊन त्या झुंबरबाईसमोर, भुईवर बसल्या. भाजलेल्या बोटाचा हात त्यांनी मांडीवर उघडा ठेवला.

"बाई," त्या म्हणाल्या, "ते माझ्या हातून झालं. कसं झालं ते सांगते."

खैरनार अंगणातून मागे फिरले आणि सायकल घेऊन बांधापर्यंत जाऊन उभे राहिले, ऐकू येणार नाही इतक्या लांब.